त्यांनी आमचं आडनाव बरोबर उच्चारलं

आम्ही निघालो त्या दुपारी इंदिरानगरच्या आमच्या बिल्डिंगखाली भाड्याची सुमो उभी होती आणि माझे वडील, अण्णा, ड्रायव्हरला पुन्हा पुन्हा विचारत होते, "कसाऱ्याच्या घाटात ब्रेक नीट लागतात ना?" ड्रायव्हर वैतागून हसत होता. राजेंद्र टपावर बॅगा बांधत होता. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आई एका हातानं डोळे पुसत शेजारच्या काकूंना समजावत होती की ओहायो म्हणजे न्यूयॉर्कला लागूनच, आपलं ओझर आहे ना, तसं. नंदू, भावा, तू तेव्हा बारावीत होतास. हायवेखालच्या बोगद्यापर्यंत सायकल मारत आमच्या मागे आलास, आणि आम्ही हायवेला लागलो तसा दिसेनासा झालास.

अण्णा सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर होते. आयुष्यभर त्यांनी मशीनमध्ये कुणाचं बोट जाऊ नये एवढंच पाहिलं. त्यामुळे प्रत्येक गोष्टीत बोट कुठं अडकेल हे त्यांना आधी दिसायचं. सुमोच्या खिडकीशी वाकून ते मला म्हणाले, "उज्ज्वला, कुणी फार प्रेमानं बोलावलं ना, की आत जायच्या आधी दार कुठं आहे ते बघून ठेवायचं."

मी हसले. आम्हाला कुणी प्रेमानं बोलावलेलं नव्हतं. राजेंद्रला कंपनीनं बोलावलं होतं, कागद तपासून.

नंदू, स्मितावहिनी, नाशिकची आपली सगळी मंडळी, आणि माझ्यासारखेच निघून कुठं कुठं जाऊन राहिलेले तुम्ही सगळे, गेल्या दोन वर्षांत आमच्या निनादचं काय झालं ते तुम्ही तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय. फोनवर मी "सगळं मस्त चाललंय" म्हणायचे. ते खोटं होतं. आता सलग सांगते, कारण तुमच्यापैकी काहींची मुलं मोठी होतायत आणि इकडे खेळाच्या नावानं काय चालतं ते कळलेलं बरं.

सुरुवातीला मलाही भीती वाटायची, पण ती भीती हाताच्या मापाची होती. बर्फावर गाडी घसरेल, बँकेतल्या बाईचं इंग्रजी कळणार नाही, डाळीच्या वासाबद्दल वरच्या मजल्यावरचे तक्रार करतील. एकेक करून ते सगळं संपलं. मग निनाद झाला, आम्ही आमचं घर घेतलं, दारावर तोरण लावलं, आणि मला वाटलं की घाबरायचं वय गेलं.

निनाद लहानपणी आपला साधा फुटबॉल खेळायचा. शाळेत गेल्यावर तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या सरांनी त्याचा पाय पाहिला. हा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. शिरस्त्राणं घातलेली धिप्पाड मुलं एकमेकांवर आदळतात आणि चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. मी म्हटलं, माझं पोर यात नको. पण सरांनी समजावलं की किकर वेगळा असतो. तो बाहेर बसून राहतो, वेळ आली की मैदानात येतो, दोन उंच खांबांमधून चेंडू मारतो आणि परत जाऊन बसतो. त्याला धक्का मारायला बंदी असते. हे शेवटचं वाक्य ऐकून मी होकार दिला.

निनाद त्यात फार चांगला निघाला. बोलायला लाजरा, घरात पाहुणे आले की वर पळणारा मुलगा, पण तिथं सगळं मैदान श्वास रोखून बसलेलं असताना शांतपणे पावलं मोजायचा आणि मारायचा. शाळेच्या शेवटच्या वर्षी कॉलेजांचे कोच घरी यायला लागले. इथं कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडची आयपीएल समजा. स्टेडियमं भरतात, गावंच्या गावं त्यावर जगतात.

पहिला आला डेव्ह. आमच्या घरापासून तासाभरावरच्या लहान कॉलेजचा म्हातारा कोच. त्यानं माझ्या हातचे पोहे खाल्ले आणि आणखी मागितले. निनादला तो "नायनाड" म्हणायचा आणि मला "मिसेस एस". त्याचं म्हणणं साधं होतं. फी माफ, दोन वर्षं शिकायचं, मग खेळायचं.

आणि मग आला कोल.

हा कोच नव्हता. कॉलेजचा नोकरही नव्हता. दक्षिणेतलं एक मोठं कॉलेज आहे, त्याच्या पैसेवाल्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून एक मंडळ काढलंय, त्या मंडळाचा माणूस. पूर्वी कॉलेजच्या खेळाडूंना एक पैसा घ्यायची मुभा नव्हती. आता नियम बदलले. खेळाडूला स्वतःचं नाव आणि चेहरा जाहिरातीला विकता येतो. कागदावर ही जाहिरात, पण प्रत्यक्षात कोणता मुलगा कुठल्या कॉलेजात जाणार हे त्या पैशानंच ठरतं. कोल जाहिराती जमवायचा, आणि जाहिरातींबरोबर मुलंही.

त्यानं दारातच हात जोडले आणि म्हणाला, "नमस्ते, मिसेस सोनवणे."

ण. चक्क ण. इतक्या वर्षांत आम्ही सोनावेन ऐकलं, सानोवानी ऐकलं, शाळेत तर निनादला नुसतं एस म्हणायचे. आणि हा पांढऱ्या बुटातला माणूस पहिल्याच दमात जीभ मागे वळवून ण म्हणाला. राजेंद्र एकदम खूश. मी विचारलं, "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"आम्ही कुटुंबाचा अभ्यास करून येतो," तो हसून म्हणाला.

सगळ्यांसमोर मी हसले आणि चहा टाकायला आत गेले. पण त्या क्षणापासून जी भीती आत शिरली ती आजतागायत गेलेली नाही.

त्यांनी आम्हाला कॉलेज पाहायला बोलावलं. मोठ्या हॉलमध्ये निनादला त्यांची जर्सी घालून धुरात उभं केलं, फोटो काढले. मग दिवे मंद करून पडद्यावर एक चित्र दाखवलं. लाल ट्रक, शेजारी निनाद, खाली त्या गावातल्या ट्रकच्या शोरूमची ओळ. आम्ही अजून हो म्हटलं नव्हतं आणि जाहिरात तयार होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या चित्राकडे बघत राहिले, कारण निनादच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. कापताना राहून गेलेला. मनगटात हिरव्या बांगड्या. तो माझा हात होता. नंदू, तुझ्या वास्तुशांतीला आपण गच्चीत फोटो काढला होता ना, तो. तुम्हा सगळ्यांना कापून टाकलं होतं, मलाही, फक्त हात उरला होता.

मी राजेंद्रच्या कानात म्हटलं, "आपला फोटो यांच्याकडे कसा?"

"अगं, फेसबुकवर आहे की," तो म्हणाला. "घाबरतेस काय?"

त्याच आठवड्यात त्यानं नामपूरला व्हिडिओ कॉल लावला. माझे सासरे, आप्पा, नामपूरच्या कांदा मार्केटात तोलाईचं काम करत म्हातारे झाले. राजेंद्रनं त्यांना मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं, कोण किती द्यायला तयार आहे, कोण आणखी चढवेल. आप्पांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ ते लिलाव शे, राजू."

राजेंद्र हसला. आप्पा हसले नाहीत.

"कांदाले कोनी इचारत नही," ते म्हणाले. "पोऱ्याले तरी इचारा."

म्हणून आम्ही निनादला विचारलं. स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून तो उभा होता. मग त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आई, डेव्ह बोलतो, मी आलो तर चालेल. हे लोक बोलतात, मीच पाहिजे."

आयुष्यभर आडनावाचं एक अक्षर होऊन जगलेल्या मुलाला "तूच पाहिजे" म्हणणारं कुणीतरी भेटलं होतं. आम्ही कोलला हो म्हटलं.

डेव्हला कळवायला मी स्वतः फोन केला. तो चिडला नाही. म्हणाला, "मिसेस एस, मी तेवढं देऊ शकत नाही. आणि खरं सांगू? शाळेतल्या मुलाला हो म्हणायचीच मला आता भीती वाटते. त्याला तयार करायला दोन वर्षं लागतात, आणि तयार झाला की कुणीतरी येऊन जास्त पैसे दाखवून घेऊन जातं. माझी टीम दर हिवाळ्यात फुटते. मग मीही दुसऱ्याची तयार मुलं शोधतो. मला हे आवडत नाही, पण करतो." मग म्हणाला, "नायनाडला सांगा, पाय सांभाळ."

ऑगस्टमध्ये आम्ही निनादला सोडायला दक्षिणेत गेलो. तिकडचा उकाडा म्हणजे ओलं घोंगडं अंगावर टाकल्यासारखा. खेळाडूंच्या अपार्टमेंटखाली आम्ही त्याचं सामान उतरवत होतो आणि शेजारच्या गाडीत एक बाई सामान चढवत होती. छोटा फ्रिज, उशा, बुटांचं खोकं. तिचा मुलगा केलब तिथला आधीचा किकर. दोन वर्षं तो तिथं खेळला होता. निनादची जाहिरात ठरली त्याच सुमाराला त्याला सांगण्यात आलं होतं की तुझा करार पुढं चालू राहणार नाही. केलब स्वतः येऊन निनादला भेटला. मैदानावर कोणत्या बाजूनं वारा येतो, चेंडू धरून देणारा मुलगा घाईत असला की काय करायचं, सगळं नीट समजावलं. इतका भला मुलगा.

त्याची आई माझ्याकडे आली. उंच, उन्हानं रापलेली बाई. मला वाटलं आता काहीतरी टाकून बोलेल. तिनं माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "इथले लोक फार चांगले आहेत. जिंकत असेपर्यंत." मग इकडे तिकडे बघून, "त्याला सगळं सामान उघडू देऊ नका."

मी हे राजेंद्रला सांगितलं नाही. पण निनादची हिवाळ्याची बॅग मी मुद्दाम न उघडता कपाटात ठेवली.

पहिले दोन महिने छान गेले, आणि छान असल्यामुळेच मला जास्त धास्ती वाटायची. तो मारेल तो चेंडू खांबांमधून जात होता. गावात शिरताना रस्त्यावर ट्रकच्या जाहिरातीचं होर्डिंग होतं, निनादचा चेहरा आमच्या दिवाणखान्याएवढा. आम्ही भेटायला गेलो की किराणा दुकानात अनोळखी माणसं येऊन मला मिठी मारायची. "तुम्ही आमच्या निनादच्या आई!" सगळे नाव बरोबर घ्यायचे. एका बाईनं तर त्याच्या खोलीचा नंबरही सांगितला, सहज, कौतुकानं. मी घरी आल्यावर फोनवर निनादला म्हटलं, "दाराला कडी लावत जा." तो म्हणाला, "आई, इट्स फाईन." फोनवर तो आता फार कमी बोलायचा. "कसा आहेस" विचारलं की "गुड", "जेवलास का" विचारलं की "यप".

नोव्हेंबरातला तो शनिवार. आम्ही स्टेडियममध्ये होतो. शेवटचे काही सेकंद उरले होते, त्यांची टीम दोन गुणांनी मागे, आणि किक बसली तर तीन गुण. निनाद मैदानात आला. याहून लांबून त्यानं कितीदा मारलं होतं. शेजारच्या आजीबाई सगळा खेळभर मला शेंगदाणे देत होत्या, त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "आपला मुलगा आहे," त्या म्हणाल्या.

चेंडू उजव्या खांबाला लागला. टण्ण. तो आवाज एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये मला स्वच्छ ऐकू आला. मी वळून पाहिलं तर आजीबाईंनी शेंगदाण्याची पिशवी पर्समध्ये टाकली होती आणि त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "हे त्याचे आईबाप." राजेंद्रनं माझा दंड धरला आणि म्हणाला, "चल. मान खाली घाल आणि चल."

खाली खेळाडूंच्या दारापाशी आम्हाला जाऊ दिलं नाही. निनादचा मेसेज आला, "ओके आहे. घरी जा." दुसऱ्या दिवशी राजेंद्रचं काम होतं. आम्ही ओहायोला परतलो.

धमक्यांचे मेसेज शनिवारी संध्याकाळीच सुरू झाले होते, हे आम्हाला मागाहून कळलं. इथं मोबाइलवरून सामन्यावर सट्टा लावतात, उघड, कायद्यानं. एका चेंडूवर हरलेली माणसं त्या चेंडूमागच्या मुलाला शोधतात. आणि निनादला शोधायची गरजच नव्हती. नाव, चेहरा, सगळं होर्डिंगवर होतं. काहींनी शिव्या दिल्या. काहींनी त्याच्या रंगाबद्दल लिहिलं. काहींनी मर म्हटलं, आणि कसा मर तेही. मला फेसबुकवर एक मेसेज आला. त्यात शब्द नव्हता. नुसता फोटो. आमच्या ओहायोच्या घराचं दार, त्यावर दिवाळीचं तोरण. दिवाळी नुकतीच झाली होती.

पोलीस आला. तरुण होता, अदबीनं बोलला. "अशी माणसं बहुतेक वेळा नुसतं बोलतात," तो म्हणाला. तो 'बहुतेक' मी अजून विसरलेले नाही. मी तोरण काढलं. पडदे ओढले. राजेंद्रनं कोलला फोन लावला. पहिल्या दिवशी उत्तर आलं, "मुलाला थोडी मोकळीक द्या." त्यानंतर फोन लागलाच नाही.

आणि मग निनादनं फोन उचलणं बंद केलं.

त्या दक्षिणेच्या प्रवासाबद्दल मी फार लिहू शकत नाही. विमानतळावरून आम्ही गाडी घेतली. गावात शिरताना होर्डिंग आलं. कुणीतरी त्याच्या चेहऱ्यावर काळा रंग फेकला होता. डोळ्यांवरून ओघळ खाली ट्रकपर्यंत आले होते. राजेंद्रनं गाडी जोरात पुढं काढली. मी तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबली.

दार आम्ही किती वेळ ठोठावलं माहीत नाही. मी इंग्रजीत हाका मारत होते, निनाद, ओपन द डोअर, निनाद. मग काय झालं कोण जाणे, आपल्याकडे बिल्डिंगखालून हाक मारतो तशी मी ओरडले, "निनू! ए निनू! दार उघड, आई आलीये!"

आत काहीतरी हललं. त्यानं दार उघडलं. खोलीत अंधार, भर दुपारी. दाराला आतून टेबल लावलेलं होतं. पोराची दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. किती दिवस तो कोरडं सीरियल खाऊन राहिला होता. दुकानात जायचं तर त्या होर्डिंगखालून जावं लागायचं. तो मला म्हणाला, "आई, हळू बोल." एवढंच. जिवंत होता. मी त्याच्या पाठीवरून, खांद्यांवरून, डोक्यावरून हात फिरवत राहिले, जसं लहानपणी पडून आला की कुठं लागलंय ते बघायचे.

मी तिथंच राहिले. खिचडी करायचे, तो चार घास खायचा. पार्किंगमध्ये गाडी थांबली की आम्ही दोघं एकाच वेळी खिडकीकडे बघायचो आणि मग एकमेकांकडे बघायचं टाळायचो. मी रोज विचारायचे, "भीती वाटते का रे?" तो रोज म्हणायचा, "आय ॲम गुड."

हिवाळ्यात कॉलेजनं पश्चिमेकडच्या एका कॉलेजातून वयानं मोठा, नावाजलेला किकर आणला. कोच निनादला म्हणाला, तू राहू शकतोस, पण जागा भरलेली आहे. गावच्या पेपरात फोटो आला. नवा मुलगा, त्याची आई, आणि दोघांच्या मध्ये पांढऱ्या बुटातला कोल, हात जोडून नाही, छातीवर ठेवून. त्यांच्याकडे बहुधा तशी पद्धत असेल. अभ्यास करूनच गेला असणार.

निनादचं नाव मग पोर्टलवर गेलं. पोर्टल म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची इंटरनेटवरची यादी. त्यावर नाव टाकायचं आणि कुणाचा फोन येतो का बघायचं. फोन आला नाही. त्यानं कसंबसं वर्ष पुरं केलं. मे महिन्यात मी राजेंद्रला म्हटलं, "मी याला नाशिकला नेते."

पुढचं आधी सांगून टाकते. ऑगस्टपासून निनाद डेव्हच्या कॉलेजात आहे. फी आम्ही भरतो, जाहिरात कसलीही नाही, खेळवेलच असा शब्दही नाही. तो आमच्याच घरी राहतो, गाडीनं जातो येतो. टीममध्ये दुसऱ्या नंबरचा किकर आहे, म्हणजे बहुतेक शनिवारी बाकावर. एकदा मैदानात आला आणि चुकला. कुणी काही म्हटलं नाही, डेव्हनं फक्त पाठीवर चापट मारली. मी मात्र तो आठवडाभर टपालपेटी राजेंद्रलाच उघडायला लावली. माझी भीती गेलेली नाही. जाईल असं आता वाटतही नाही.

पण नाशिकचं सांगायचं राहिलं.

नंदू, स्मिता, तुम्ही आम्हाला काही विचारलं नाहीत, याबद्दल तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बाहेर सिंहस्थासाठी रस्ते खणून ठेवलेले, धूळ, चाळीसच्या वर ऊन. निनादला तिथं कुणी ओळखत नव्हतं, तरी तो टोपी ओढून चालायचा. पंचवटीच्या भाजीबाजारात मी त्याला मुद्दाम घेऊन गेले. एका पोरानं गाडीवर बसल्या बसल्या स्वतःचा फोटो काढायला मोबाइल वर धरला, आणि निनाद खाली बसला. भाजीच्या गाड्याआड, गुडघ्यांत डोकं घालून, हातांनी चेहरा झाकून.

भाजीवाली मावशी उठून आली. "काय झालं रे बाळा? चक्कर आली का? लय ऊन हाय आज." तिनं त्याच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवला, तांब्या पुढं केला. "पी. घाई नाय."

तो पाणी प्यायला. तिनं त्याला नाव विचारलं नाही.

त्यानंतर दोनच दिवसांनी, तुमच्याकडे जेवणाची वेळ होती, निनादचा फोन वाजला. अमेरिकेचा नंबर. त्यानं स्पीकर लावला, मला ऐकू यावं म्हणून असेल. नवा आवाज, तितकाच गोड. "हॅलो निनाद सोनवणे!" ण बरोबर. माझ्या हातातली वाटी मी ओट्यावर ठेवली. हा दुसऱ्याच एका कॉलेजच्या मंडळाचा माणूस; त्यांना किकर हवा होता, तातडीनं. जाहिराती तयार होत्या. मागच्या वर्षीचं आम्ही विसरू, लोकही विसरतील, तो म्हणाला.

निनादनं विचारलं, "तिथं आत्ता कोण आहे?"

"त्याची काळजी तू कशाला करतोस?"

"त्याला सांगितलंय का?"

तो माणूस हसला. निनादनं फोन बंद केला. सावकाश टेबलावर पालथा ठेवला. मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण त्याआधीच तो बोलला, माझ्याशी नाही, पोळ्या लाटणाऱ्या स्मिताच्या पाठीशी.

"मामी," तो म्हणाला. "मला भीती वाटतो."

नोव्हेंबरपासून मी त्याला हे विचारत होते. इंग्रजीत त्याच्याकडे त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. ते वाक्य त्याला चुकीच्या व्याकरणासकट मराठीतच सापडलं, तुमच्या स्वयंपाकघरात, जिथं त्याच्याकडून कुणाला काहीच नको होतं.

स्मिता, तू वळलीससुद्धा नाहीस. तव्यावरची पोळी उलटलीस आणि म्हणालीस, "वाटू दे. मलापण वाटते. ताट घे, पोळी गरम आहे."

त्यानं ताट घेतलं. आमरसाची वाटी जवळ ओढली. खाता खाता रडायला लागला, आणि रडता रडता खात राहिला. तुझी पोरं एकदा त्याच्याकडे बघून पुन्हा आपापल्या ताटात बघायला लागली. बाहेरचं दार सताड उघडं होतं, जिन्यावरून कुणी ना कुणी जात होतं.

इकडे मला अजून लोक विचारतात, घर कुठं तुमचं, म्हणजे मूळचं. पूर्वी मी नाशिक म्हणायचे, मग काही वर्षं ओहायो म्हणायचे. आता उत्तर देताना अडखळते. घर म्हणजे भीती नसलेली जागा, असं मी इतकी वर्षं समजत होते आणि त्या जागेच्या शोधात होते. तशी जागा नसते. परवा शनिवारी निनाद मॅचला निघताना बूट घालत होता. दारात थांबून म्हणाला, "आई, आज वाटतो." मी म्हटलं, "मलाही." मग तो गेला, आणि मी दार लोटून घेतलं, कडी न लावता.